‘करतो साहेब’: वागळे इस्टेटमधल्या एका थकलेल्या बिलाचं प्रकरण

मार्च २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात मी चार ओळींचं एक पत्र टाईप केलं. ‘आम्ही आमची उद्यम नोंदणी स्वेच्छेने रद्द करत आहोत, याची कृपया नोंद घ्यावी.’ खाली सहीसाठी मोकळी जागा. उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद. ज्या कारखान्याचे हिशेब मी पाहतो, त्याच्याशी त्या नोंदणीचा काही संबंध नव्हता. ती होती कारखान्याच्या पावडर कोटिंगवाल्याची. पत्र आम्ही लिहिलं होतं, सही त्याची हवी होती आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द माझा होता.

हे प्रकरण लिहिण्यापूर्वी मी ते दोन्ही बाजूंना वाचून दाखवलं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. कोटिंगवाल्याला मी दोनदा विचारलं आणि दुसऱ्यांदा हेही स्पष्ट सांगितलं, की ‘नको’ म्हणालात तर कामावर काहीही परिणाम होणार नाही. त्याने घरातली एक गोष्ट गाळायला सांगितली, ती गाळली आहे.

कारखाना आणि त्याची माणसं

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ ला ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये झाली. तिथल्या कित्येक मोठ्या कंपन्या आता गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण मागच्या गल्ल्यांमध्ये छोटे गाळे अजून तग धरून आहेत. आमचा कारखाना अशाच एका गल्लीत आहे. इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स बनवतो. बावीस माणसं, भागीदारी संस्था, वर्षाची उलाढाल ९ कोटींच्या आसपास. आताच्या मालकाच्या वडिलांपासून मी हिशेब बघतोय, त्यामुळे मालक मला काका म्हणतो.

पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग आमच्याकडे होतं. मग बॉक्स शेजारच्या गल्लीत पावडर कोटिंगला जातात. हा कोटिंगवाला साताऱ्याकडचा. सगळे त्याला भाऊच म्हणतात, मीही इथं तेच म्हणेन. अकरा वर्षं आमचं काम करतोय. पत्रा टाक्यांमधून धुऊन, गंज आणि तेल काढून, फॉस्फेटिंग करून, पावडर मारून भट्टीत जातो. भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. धुण्यात कसूर झाली तर दोन पावसाळ्यांत कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं. भाऊंच्या हातचा एकही बॉक्स असा परत आल्याचं मला आठवत नाही.

मालक माणूस वाईट नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. दर जूनमध्ये तो लोकमान्य नगरच्या बाजूच्या एका शाळेत वह्या-दप्तरं वाटतो. त्या मुलांना त्याची खरोखर गरज असते आणि तो हे मनापासून करतो. कामगाराच्या घरी आजारपण आलं तर न मागता उचल देतो. पण खातेवहीत मला एक गोष्ट दिसत होती आणि मी ती वर्षानुवर्षं पाहून सोडून देत होतो. जून २०२३ मध्ये वह्यांचे ६०,००० रुपये दुकानदाराला त्याच दिवशी दिले गेले. त्या दिवशी भाऊंचं मार्चमधलं १,१०,००० रुपयांचं बिल तसंच पडून होतं.

आमच्याकडचा रिवाज असा. पेमेंट ‘नव्वद दिवस’, आणि तेही तोंडी. लेखी काही नाही. मोठा ग्राहक आम्हाला नव्वद दिवसांनी पैसे देतो, मग आम्ही पुढे तसेच देणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मालकाचं ठरलेलं वाक्य. आणि ‘देणी शक्य तितकी लांबव, रोकड हातात ठेव’ हा सल्ला मीच दिलेला.

कायदा काय सांगत होता

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. म्हणजे भाऊंच्या बाबतीत आमची मुदत नव्वद नव्हती, पंचेचाळीसही नव्हती; पंधराच होती. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के.

हा कायदा सतरा वर्षं कागदावर होता आणि आमच्या गल्लीत कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. तक्रार केली तर काम जाणार, हे प्रत्येकाला माहीत. मग आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगांना कलम १५ च्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच धरला जाईल. भाऊंचे ३ लाख धरून तिघांचे मिळून ६ लाख रुपये आमच्याकडे मुदतीबाहेर गेले होते. ते ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर नफ्यात तेवढी भर पडणार. भागीदारी संस्थेला उपकरासह ३१.२ टक्के कर, म्हणजे १,८७,२०० रुपये. पुढच्या वर्षी पैसे दिले की वजावट मिळते, पण यंदाचा कर यंदाच भरावा लागतो.

त्या महिन्यात बाजारात याचीच चर्चा होती. काहींनी घाईघाईनं देणी चुकती केली. काहींनी दुसरी वाट शोधली: पुरवठादारालाच नोंदणी रद्द करायला सांगायचं, म्हणजे नियमाचा प्रश्नच उरत नाही. जुन्या बिलांचा प्रश्न त्यानं सुटला नसता, पण पुढच्या वर्षांची कटकट मिटली असती. मालकानं विचारलं, “काका, असं करता येईल का?” मी ‘येईल’ म्हणालो आणि पत्र टाईप केलं.

भाऊंच्या गाळ्यावर

सही घ्यायला मी स्वतः गेलो. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि भट्टी बंद होती. कोटिंगवाल्याची भट्टी त्या वेळी बंद असत नाही. विचारलं तर म्हणाले, “एक दिवसाआड लावतो साहेब. दोन दिवसांचा माल साठवून एकदाच गरम केली की गॅस वाचतो.” मदतनीस दिसला नाही. वहिनी खाली बसून कोटिंग झालेल्या दारांना फोम गुंडाळत होत्या.

चहा आला. मी पत्र पुढे केलं. भाऊंनी ते सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग म्हणाले, “करतो साहेब. तुम्ही म्हणताय तर करतो.” पेनसाठी खिशात हात गेला आणि तो तिथेच थांबला. “फक्त एक विचारू का? बँकेनं भट्टीचं कर्ज ह्या नोंदणीवर दिलंय. रद्द केली तर ते काही म्हणणार नाहीत ना?”

त्यांनी हे मला विचारलं. पत्र घेऊन आलेल्या माणसाला. त्यांच्या बाजूनं विचार करणारं त्या गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं आणि मी त्यांचं नुकसान हातात घेऊन बसलो होतो.

मी पत्र परत घेतलं. म्हटलं, आधी बघून सांगतो. मग सहज म्हणून विचारलं, पावडर कशी आणता? उत्तर सहज नव्हतं. पावडरवाला उधारी देत नाही. आमचे पैसे अडकले की भाऊ ओळखीच्या एकाकडून महिना ३ टक्क्यांनी रक्कम उचलत. बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी सरकारला वेळेवर भरावा लागतो, मग आमच्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. त्यासाठीही कधी कधी तीच उसनवारी. अकरा वर्षांत हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. दर वेळी आमचा फोन गेला की एकच उत्तर: “हो साहेब, काही घाई नाही.” शनिवारी संध्याकाळी सहाला ‘सोमवारी सकाळी माल पाहिजे’ असा निरोप गेला तरी ‘करतो साहेब’. आमच्या सुपरवायझरने त्यांचा टेम्पो गेटपाससाठी तीन-तीन तास बाहेर उभा केला तरी तेच.

ज्या ‘हो’ला किंमत नसते

परत येऊन मालकाला सांगितलं. तो म्हणाला, “पण काका, तो हो म्हणाला ना?”

या प्रश्नापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळं प्रकरण इथंच आहे.

त्याच्या आदल्या आठवड्यात मोठ्या ग्राहकाच्या परचेस मॅनेजरचा फोन आला होता. यापुढे नव्वदऐवजी एकशेवीस दिवस. मालक माझ्यासमोरच बोलत होता. “काही हरकत नाही सर, ॲडजस्ट करू,” म्हणाला आणि फोन ठेवून पाच मिनिटं गप्प बसला. कायद्यानं तेव्हा आम्हीही लघु उद्योग. आमचाही ४५ दिवसांचा हक्क. पण त्या एका ग्राहकाकडे आमचं निम्म्याहून जास्त काम आहे.

मी एवढंच विचारलं, “परवा तू सरांना हो म्हणालास. तो तुझा होकार होता का?”

तो काही बोलला नाही. उठून खिडकीशी गेला. थोड्या वेळाने म्हणाला, “पत्र फाडून टाका.”

ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याच्याकडून घेतलेल्या होकारावर आपण धंद्यात फार काही उभं करतो. करार, सवलती, ‘आपले जुने संबंध’. तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसणारा माणूस ओरडत नाही, म्हणून त्याला लागत नाही असं आपण समजतो. मी तीस वर्षं ताळेबंदात ‘देणी’ या शीर्षकाखाली एक आकडा लिहीत आलो. त्या आकड्यामागे कुणाची तरी भट्टी बंद असते, हे मला त्या दिवशीच कळलं.

त्या संध्याकाळी आम्ही एक हिशेब मांडला. तो मी आधी कधीच मांडला नव्हता. भाऊंचे ३ लाख रुपये सरासरी ७५ दिवस उशिरा जात होते. तेवढ्या रकमेवर भाऊंचं व्याज महिना ३ टक्क्यांनी ९,००० रुपये, म्हणजे अडीच महिन्यांचे २२,५०० रुपये. मालकाच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलता येणाऱ्या बँकेच्या कर्जाचा, दर वर्षाला साडेदहा टक्के होता आणि मर्यादेत अकरा लाख शिल्लक होते. तीच रक्कम त्यानं बँकेतून उचलून वेळेवर दिली असती, तर त्याचा खर्च सुमारे साडेसहा हजार. ज्याला पैसा सर्वांत महाग पडतो त्याच्याच खिशातून आम्ही धंदा चालवत होतो, आणि याला मी रोकड व्यवस्थापन म्हणत होतो.

काय केलं

२७ मार्चला तिघांचेही मुदतीबाहेरचे पैसे दिले, कॅश क्रेडिटमधून. मालकानं भाऊंना ऑफिसात बोलावलं नाही. तो स्वतः गाळ्यावर गेला. मी सोबत नव्हतो, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वहिनींनी पोहे केले होते, एवढं कळलं.

व्याजावरून आमच्यात मतभेद झाला. कायद्यानं होणारी रक्कम सुमारे १२,८०० रुपये. मालकानं फोनवर विचारलं तेव्हा भाऊ अर्थातच म्हणाले, “छे छे साहेब, व्याज कसलं!” मालकाचं म्हणणं, तो नको म्हणतोय, त्याऐवजी कोटिंगचा दर वाढवून देऊ. माझं म्हणणं, हा नकारही त्या होकारासारखाच आहे. व्याज त्याचं आहे, ते द्यायचंच. दर २०२१ पासून वाढलेला नाही, ही वेगळी चूक, तीही दुरुस्त करायची. एकीची भरपाई दुसरीत नको. शेवटी दोन्ही झालं. व्याज जमा झालं त्या दिवशी भाऊंचा मला फोन: “साहेब, चुकून जादा आलेत.” कशाचे ते समजावलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. उशिराचं हे व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, तेही मालकाला आधी सांगून ठेवलं होतं. त्यानं मान हलवली.

एप्रिलपासून नियम लेखी केला. छोट्या पुरवठादारांना तीस दिवस. महिन्याच्या ५ आणि २० तारखेला पेमेंट निघतं आणि यादीची सुरुवात सर्वांत लहान माणसापासून होते. पूर्वी जो जास्त फोन करी त्याचं बिल आधी निघे. आता न बोलणाऱ्याचं आधी निघतं. मालात दोष असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवायचं. पूर्वी पैसे मागायला आल्यावर दोष आठवायचे, ते बंद. शनिवारी दुपारी दोननंतर सोमवारचं काम सांगायचं नाही. टेम्पो अर्ध्या तासात मोकळा.

जिथं कायदा पोचत नाही

भाऊंच्या मागे निदान एक कायदा उभा होता. डबेवाल्या ताईंच्या मागे तोही नाही. त्या सावरकर नगरहून रोज अठरा डबे पाठवतात. कुठं नोंदणी नाही, बिलबुक नाही, वहीत खुणा. आमच्याकडून सकाळी सव्वाअकराला फोन जायचा, “ताई, आज पाच कमी.” तोवर पोळ्या झालेल्या असत, भाजी झालेली असे. पाच डब्यांचे पैसे आम्ही कापत होतो आणि ते अन्न त्यांच्या घरी संपवलं जात होतं किंवा वाया जात होतं. महिन्यातून आठ-दहा वेळा हे व्हायचं.

भाऊंचं प्रकरण झालं नसतं तर हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. आमच्या वेल्डरनेच मालकाला सांगितलं. आता आदल्या रात्री आठपर्यंत आकडा कळवायचा, त्यानंतर कमी केला तर पैसे पूर्ण. उरलेला डबा रात्रपाळीचा वॉचमन घेतो. महिन्याला काहीशे रुपयांचा प्रश्न होता.

सगळंच सुधारलं नाही. २०२२ पर्यंत एक बफिंगवाला, म्हणजे धातूला घासून चकाकी देणारा, आमचं काम करत असे. कोविडनंतर त्याचा जम बसला नाही, गाळा सोडून गावी गेला. त्याचे ३८,००० रुपये अजून आमच्या वहीत आहेत. जुना नंबर बंद आहे. गल्लीत विचारलं, दोघांनी दोन वेगळे तालुके सांगितले. अशा न मागितलेल्या रकमा काही वर्षांनी उत्पन्नात वळवून टाकायची पद्धत आहे. मीही अनेकांच्या वह्यांत ते केलंय. ही रक्कम मात्र मालकानं वळवू दिलेली नाही. ती दर ३१ मार्चला माझ्या डोळ्यांसमोर येते.

वरच्या बाजूला

छोट्यांना तीस दिवसांत द्यायचे आणि वरून एकशेवीस दिवसांनी घ्यायचे, हे कॅश क्रेडिटवर फार काळ चालणार नव्हतं. मालकानं ग्राहकाला पत्र लिहिलं. त्यात धमकी नव्हती; कायद्याचा उल्लेख एका ओळीत, आणि बाकी सगळं आमची पुढची साखळी कशी चालते याबद्दल. ते पाठवायच्या आधी तो दोन रात्री झोपला नाही, कारण निम्मं काम गेलं असतं तर बावीस घरं अडचणीत आली असती. ही भीती खरी होती आणि मी ती कमी लेखणार नाही.

तीन महिने उत्तर आलं नाही. मग सरकारनं २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची केली आणि तो ग्राहक त्यात आला. आम्ही बिल तिथं चढवतो, ग्राहक ते मान्य करतो, ते किती दरानं वटवायचं याची बँका बोली लावतात आणि मान्य झालेल्या बिलाचे पैसे एक-दोन दिवसांत मिळतात. ग्राहकानं पुढे बुडवलं तरी बँक आमच्याकडे वसुलीला येत नाही. बिल वटवण्याचा खर्च कॅश क्रेडिटपेक्षा कमी पडतो, कारण बँक पत मोठ्या कंपनीची बघते. ग्राहक अजून प्रत्येक बिल वेळेवर मान्य करत नाही. काम मात्र गेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सुपरवायझरने नियम मोडून भाऊंना शनिवारी संध्याकाळी निरोप पाठवला: चाळीस बॉक्स, सोमवारी सकाळी. भाऊंचं उत्तर त्याने मालकाला दाखवलं, मालकानं मला.

‘सोमवारी नाही जमणार. पोरं गावी चाललीत. बुधवारी देतो.’

मालकानं तिथल्या तिथे ग्राहकाला फोन लावून बुधवारची तारीख घेतली.